चहावाली, डाव्या कोपऱ्यात

बस्त्याव होड्यांची नावं रंगवतो.
नाळेवर डोळा, डोळ्याखाली नंबर, झालं.
यंदा पाद्रीने त्याला कोपेलाची भिंत दिली
आणि होड्यांच्या उरलेल्या निळ्यात त्याने
आमचं बंदर काढलं, लिलावाच्या आधीचं,
अंधार अजून ओला असतानाचं.

मी गाबतीण. मला त्यांची गोष्ट ठाऊक नव्हती.
त्यानेच सांगितली, ब्रश रॉकेलात बुडवत:
धन्याला धरून नेलं त्या रात्री
त्याचा सगळ्यात जवळचा माणूस
परक्या अंगणात शेकत बसला,
आणि एका मोलकरणीने विचारलं —
बस, म्हटलं. पुढचं माहीत आहे मला.

विचारलं होतं मीच.
एलईडीवाल्या ट्रॉलरवर आमची पोरं चढली, ती रात्र.
मिंगेलला जीपमधून नेलं, एक चप्पल जेटीवर राहिली.
पास्कू माझ्या शेगडीपाशी,
हाफपँटीतून वाफ निघतेय,
दोन्ही हात जाळावर, जणू धुतोय.
हवालदारही तिथंच, बशीत चहा ओतून.
मी सहज म्हटलं, खरंच सहज,
'तू पण होतंस मां रे मिंगेलच्या वांगडा?'
'मी नाय गे.'
साखर घालताना परत विचारलं. का, कोण जाणे.
'तेका मी वळखणय नाय.'

भिंतीवर सगळं आहे. थर्माकोलच्या फुटक्या पेट्या,
क्रेटवर खडूने लिहिलेलं 'बांगडा',
जीपचा मागचा लाल दिवा, आत एक पाठ.
चेहरा मागाहून काढतो म्हणाला बस्त्याव,
काढत नाही.
ती चप्पल मात्र तुटक्या बंदासकट.
माझ्या हाती किटली. मी इतकी जाडी नाही.

कोंबडा माझाच.
राखणदाराला दिला तो केव्हाच,
भिंतीवर मात्र जाळ्यांच्या ढिगावर उभा,
चोच उघडलेली, गळा फुगलेला,
आणि आवाज नाही अजून.

दर रविवारी पास्कू तिथे गुडघे टेकतो.
दारातून पाहिलंय मी, आत जात नाही.
स्वतःच्या तोंडाकडे तो बघत नाही,
कोंबड्याकडे बघतो.

मिंगेल सुटला, वेंगुर्ल्याला दुसऱ्याच्या बोटीवर लागला.
पास्कू रोज पहाटे शेगडीपाशी येतो.
माझ्या जिभेवर तिसऱ्यांदा येतं,
मी किटली उचलते,
विचारते, साखर किती.

परवा जाळाकडे बघत तो म्हणाला,
'होतंय गे मी.'

मी दोन चमचे घातले.
ढवळला.