कर्ता

टेलिप्रिंटर भंगारात जाऊन तीस वर्षं झाली
तरी आमच्या डेस्कवर अजून विचारतात, तार आली का?
येते. रोज रात्री, स्क्रीनवर,
समुद्रापलीकडून, इस्त्री करून घडी घातलेली.
धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, कुलरच्या घरघरीत
एकोणीस वर्षं मी जगाचं मराठी करते आहे.

आजची तार:
शाळेवर क्षेपणास्त्र पडले.
एकतीस मुले मृत्युमुखी पडली.

पडले. पडली.
वावटळीत कवेलू पडावं, तसं.

तिच्याच खाली दुसरी तार, दुसरं युद्ध.
तिथे मात्र वाक्याच्या तोंडालाच उभा आहे मारणारा
नावानिशी, ध्वजासकट,
आणि क्रियापदाआधी "निर्घृणपणे".
एवढ्या वर्षांत इतकं कळलं:
मित्राचं सरकार असतं, शत्रूची राजवट.
मित्राचा प्रवक्ता स्पष्ट करतो, शत्रूचा दावा करतो.
मेलेल्या पोराची आई नुसतीच म्हणते,
तेही शेवटच्या परिच्छेदात,
जाहिरातीनं जागा सोडली तर.

प्रूफं वाचतात घोडेस्वार.
कधीकाळी मॉडेल मिलच्या फाटकावर पत्रकं वाटलेला माणूस,
आता मोतीबिंदू झालेला एक डोळा मिटून ऱ्हस्व-दीर्घ पाहतो.
लाल पेन त्या ओळीवर टेकवून म्हणाले,
"बाई, हे पडलं म्हंता, पण टाकलं कोनं?
वाक्याले कर्ता काऊन नाही जी?"

मी कर्ता घातला.
एका देशाचं नाव, प्रथमा विभक्ती, एकवचन.
पडले खोडून डागले केलं.
वाक्य एकदम जड झालं, हातात धरवेना.

पिंपळापुरे साहेबांनी ते पुन्हा हलकं केलं.
"आपण न्यायाधीश नाही. तटस्थ राहायचं.
आणि दिघोरीच्या वाचकाला काय करायचंय त्याचं?"
तटस्थ म्हणजे तटावर उभा.
नाग नदीच्या तटावर उभं राहून बघा साहेब,
पाण्यात पाय न घालताही
वास अंगाला लागतोच.

दोन वाजून दहा मिनिटांनी वार्ताहराचा फोन,
अमरावती रोडवरून, मागे सायरन:
"घ्या. बारूद कारखान्यात स्फोट झाला.
पॅकिंग शेड. सहा कामगार दगावले."

झाला. दगावले.
इतक्या जवळून बोलत होता,
त्याच्या श्वासातला धूर मला ऐकू येत होता,
आणि व्याकरण तेच, समुद्रापलीकडचं.

नावं?
"एकच कळलं. छाया धुर्वे, वय सव्वीस.
बाकीच्यांची ओळख पटायची आहे."
काय भरत होते पेट्यांमध्ये?
"ते नका विचारू, ऑर्डर बाहेरची आहे."
बाहेरची म्हणजे कुठली?
फोनमध्ये थोडा वेळ नुसता सायरन.

पान लागलं.
पहिल्या कॉलमात शाळा, आठव्यात शेड,
आणि मधे त्याच कारखान्याची अर्धं पान जाहिरात:
तिरंगी पट्टा, समर्थ राष्ट्र, बिल आगाऊ चुकतं.
शाळेपासून शेडपर्यंत किती मैल असतील?
शून्य मैलाचा दगड आमच्याच गावात आहे.
तोही साहेबानं रोवलेला,
त्याच्या सोयीनं अंतरं मोजायला.
पानावर मी पट्टी लावून पाहिलं.
सव्वीस सेंटिमीटर.

पावणेतीनला वार्ताहराचा पुन्हा फोन.
छायाच्या सासूचं एक वाक्य आहे,
घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या.
"घरातला कर्ता गेला जी आमचा."

कर्ता, म्हणाली ती. सुनेला.
लिंग चुकलं होतं, वचन, विभक्ती बरोबर.

साहेब घरी गेले होते.
एवढी ओळ बसवायला मी जाहिरातीचा तिरंगी पट्टा
चार मिलिमीटर वर सरकवला.

घोडेस्वारांनी प्रूफ दिव्याजवळ नेलं,
कर्ता या शब्दाभोवती लाल गोल काढला,
पेन तसंच धरून बराच वेळ बसले.
समासात दुरुस्ती काही लिहिली नाही.

मग म्हणाले, सोडा पान.