खालचा कप्पा

सत्तेचाळीस होतं त्या दुपारी. कूलरची खस सुकून काड्या,
त्रिमूर्तीनगरात कुत्रंही गाडीखालून हलेना.
बाबूजींच्या जबड्याला टाके पडून अकरा दिवस;
खर्रा सुटला, पोळी सुटली, बोलणंही.
घशाखाली सरकायची ती फक्त
संत्र्याच्या रंगाची जेली.

लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली
आणि विसरले. सिलिंडरवाला आला, मग विम्याचा फोन.
संध्याकाळी वाटी दगड.
ओट्यावर ठेवली, हळूहळू उतरली,
पण तिची थरथर काही परत आली नाही.
चमचा घातला तर ओल्या स्पंजाचे तुकडे
आणि कडेनं पातळ केशरी पाणी.

पाणी गोठताना फुगतं, त्याच्या सुया होतात,
ज्या जाळीनं धरून ठेवलं तीच ते फाडतं,
हे नंतर कळलं.
तेव्हा एवढंच, की बिघडवली.

बाबूजींनी पाटी ओढली.
चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
अक्षर अजून मापात:
‘थे काऊन रडून राहिली?’
मी पदरानं तोंड पुसलं.
त्यांनी मान हलवली, वाटीकडे बोट केलं.

मग मला हसू आलं.
पाणी गाळून दिलं, त्यांनी चमच्याचमच्यानं घेतलं,
अर्धं रुमालावर.
गाळणीतला चुरा मी मोरीपाशी उभ्यानंच खाल्ला.
वातड होता जरा. गोड मात्र तेवढाच.

सकाळी चहाच्या आधी पाटी उशाशी तयार:
‘आज खालच्या कप्प्यात.’