दोन टिंबांनंतर

वामनभटांचा फोन सकाळी सात वाजता.
"काल होत्या सगळ्या वह्या. आज नुसतं काळं."
सिडकोतून स्कूटी काढून पंचवटीत पोचले तेव्हा
लातूरकडचं एक कुटुंब ओसरीवर खोळंबलेलं,
ओल्या धोतराचं पाणी फरशीभर.

वह्या आता खाली नसतात.
पूर दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागला त्या साली
दोन गाठोडी भिजली, शाई गोदेत गेली.
मग पुतण्यानं, कौस्तुभनं, पान न् पान स्कॅन केलं
आणि डिस्कचं कपाट हलवलं
वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर.
गच्चीगच्चीवरून, एका पाण्याच्या टाकीला वळसा घालून
निळी वायर खाली येते.

खाली हे मशीन, इनिशिएटर.
वर ते कपाट, टार्गेट.
भटजींना समजेल असं सांगायला बसले
आणि लक्षात आलं, हा तर यांचाच धंदा.
यजमान दारात येतो, नाव सांगतो, गाव सांगतो,
उपाध्याय यादी बघतो,
असेल तर वही सोडतो.
"आणि खूण?" त्यांनी विचारलं.
"ती पण असते. पासवर्ड. दोन्हीकडे सारखा."
"मग बरोबर," म्हणाले, आणि चहा सांगितला.

टर्मिनलवर पांढरी अक्षरं.
डिस्कव्हरी: कपाट सापडतंय, पोर्ट बत्तीस-साठ उघडं.
लॉगिन: नाकारलं. परवानगी नाही.
कौस्तुभनं काल रात्री नवं लिनक्स घातलं
आणि पहाटेच्या बसनं पुण्याला गेला.
इन्स्टॉल होताना मशीनला नवं नाव पडलं,
आकडे, अक्षरं, कुणाचंच नसलेलं.
यादीत ते कुठून असणार?

"तुमचं गाव?" सवयीनं विचारलं त्यांनी.
"वैजापूरकडचं. पिंपळदरी."
"आहे ना पान! पाटलांची सात घरं, कुलकर्णी,
एक सोनार, दोन तेली…"
तोंडपाठ. बोटं हवेत पानं उलटत होती.
"आणि तुम्ही?"
मी आडनाव सांगितलं.
बोटं थांबली.
चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटानं बाजूला केली.

पणजोबा आला होता पिंपळदरीहून चालत,
तीस सालच्या रामनवमीला.
वहीसाठी नव्हे, दारासाठी.
परत गेला तो कपाळावर खोक घेऊन,
पुढे बिडी ओढताना तिच्यावरून अंगठा फिरवायचा म्हणे.

नावाची फाइल एका ओळीची असते.
आधी साल नि महिना, मग डोमेन उलटं,
मग दोन टिंबं.
दोन टिंबांनंतर काय लिहायचं
ते लिहिणाऱ्यावर सोडलेलं.
मी लिहिलं: धोंडू.
लहान रोमन अक्षरांत, मोठी तिथं चालत नाहीत.

तीन जिने चढून कपाटाच्या यादीत तेच नाव घातलं.
खाली येऊन स्टार्टअप मॅन्युअल होतं
ते ऑटोमॅटिक केलं,
माउंटच्या ओळीत नेटडेव्ह,
म्हणजे नेटवर्क उठेपर्यंत थांब, मग माग.
सर्व्हिस रीस्टार्ट.
लॉगिन सक्सेसफुल.

भटजी लेखणी घेऊन बसले होते, को-या कागदावर.
"पणजोबांचं नाव सांगता?
पिंपळदरीच्या पानाला जोडून घेऊ."
"आधी रीबूट करून बघू," मी म्हटलं.

पंखा आधी थांबला, मग फिरला.
स्क्रीनवर काही यायच्या आत
कुणीतरी वर जाऊन नाव सांगितलं, खूण सांगितली,
आणि सगळी गावं खाली आली.
लातूरच्या म्हातारीला तिच्या सासऱ्याची सही सापडली,
मोडीत, शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासात गेलेली.

रोज पहाटे आता हे असंच होईल,
वामनभट रामकुंडावरून यायच्या आधी.

बिलावर लिहिलं: क्लायंट सर्व्हिस कॉन्फिगरेशन, साडेसातशे.
त्यांनी आठशे दिले.
सुटे माझ्याकडेही नव्हते.