तोंडमिळवणी

मार्चमध्ये मंजूर झाली तेव्हा ती रक्कम होती.
ब्यूनोस आयर्सहून दीड हजार किलोमीटर वारा खात
ऑगस्टात ती पोचली
तेव्हा नुसता आकडा उरला होता.
शून्यं सगळी जागच्या जागी. एकही सांडलं नव्हतं.
मी दोनदा मोजली.

इथे शिकायला पैसे पडत नाहीत.
हे वाक्य आम्ही छाती काढून म्हणतो
आणि मग खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबतो.
पडत नाहीत म्हणजे कुणाच्या तरी खिशातून पडतात.
तो खिसा राजधानीत आहे,
आणि तिथला शिंपी दरवर्षी तो जरा उथळ शिवतो.

यंदा आधी लिफ्ट बंद केली.
मग बायकांच्या स्वच्छतागृहातलं गरम पाणी.
मग संध्याकाळी सातनंतरचे दिवे;
पण रात्रीच्या वर्गाला येतात
ते दिवसभर बंदरावर मासळी सोलणारे,
आकृती काढताना ज्यांची बोटं अजून बधिर असतात,
म्हणून दिवे पुन्हा लावले आणि फोन कापला.
हिशेबात याला तोंडमिळवणी म्हणतात.
दोन तोंडं जुळवायची. दोन्ही उपाशी.

भौतिकशास्त्राचा इबार्लुसेआ रात्री टॅक्सी चालवतो.
परवा नेमकी मीच मागे बसले.
आम्ही हवामानाबद्दल बोललो.
उतरताना त्याने सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.
त्याच्या पगारपत्रकावर सही माझी असते.

आणि मग ते पत्र: चारपैकी एक फ्रीजर बंद करावा.

एलुनेद प्यू तीन जिने चढून आली.
शेवाळाची बाई. तिच्या आधी तिचे सर.
चाळीस वर्षांचं शेवाळ, बोटाएवढ्या नळ्यांत.
या खाडीचं पाणी तेव्हा कसं होतं
हे त्या नळ्यांखेरीज आता कुणालाच आठवत नाही.
मला वाटलं, ओरडेल.
तिने फक्त विचारलं, "कुठला?"
मी विजेचं बिल पुढे केलं. म्हटलं, सगळ्यात जुना.
सत्तावीस वर्षं मी या खुर्चीत आहे,
आणि त्या दिवशी
पेनाचं टोपण काही केल्या सापडेना.

शेवटी रोसेंदो काल्फुकेओच्या खाटीकखान्यात जागा मिळाली.
शीतगृहात, टांगलेल्या मेंढ्यांच्या मागे, एक फळी.
उणे ऐंशी कुठलं, उणे वीस.
"थोडं मरेल," एलुनेद म्हणाली, "सगळं नाही."
आम्ही दोघींनी खोकी वाहिली,
ती पुढे, मी मागे,
माझ्या कोटाला चरबी लागली ती अजून निघालेली नाही.

रोसेंदो भाडं सांगेना.
मी हट्टाला पेटले. फुकटाची नोंद
मी कुठल्या शीर्षाखाली करू?
त्याच्या घरातलं कुणी आमच्याकडे शिकत नाही,
कधी शिकलेलं नाही, मी विचारलं होतं.
सुरी पुसता पुसता तो म्हणाला,
"मग लिहा, देणं."

कुणाचं, कुणाला, ते तो बोलला नाही.
पुढे गिऱ्हाईक उभं होतं.

वही उघडी आहे.
शब्द लिहून झाला, तारीख झाली.
जमेत धरू की नावे टाकू,
एवढंच राहिलंय.