गॉलच्या किल्ल्यात, दुपारी

रिक्षावाला सेनेविरत्न बोटांवर मोजतो :
पोर्तुगीज, डच, इंग्रज.
चौथं बोट माझ्याकडे वळवून हसतो,
भाडं मात्र ठरलं तेवढंच घेतो.

गल्लीच्या टोकाला पोडिहामिने
मांडीवर उशी घेऊन लेस विणते.
लाकडी रिळांची टकटक, नजर समुद्रावर.
कोणी शिकवलं?
आईनं.
तिला?
तिच्या आईनं.
मी एखाद्या डच मडमेच्या नावाची वाट बघतोय,
ते काही येत नाही.

खिडकीला ती जनेलय म्हणते, मेजाला मेसय.
शब्द परत न्यायला कुणी आलं नाही.

त्सुनामीत चाळीसच्या चाळीस रिळं वाहून गेली.
सदतीस सापडली, बसस्टँडच्या चिखलात.
उरलेली तीन नव्या लाकडाची.
त्यांचा आवाज वेगळा येतो, ती म्हणते,
ऐका.