सदर

फहाहीलला, मलबारी किराण्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
दर तीन वर्षांनी आमच्या गावाची निवडणूक होते.
जुम्म्यानंतर आणि जेवणाआधी.
जेवलेला माणूस मत बदलतो, असं जुने लोक सांगत.

निवडणूक अधिकारी मी.
एकवीस वर्षं गोदामात नट-बोल्ट मोजतोय,
शिवाय दोन्ही मोहल्ल्यांशी माझं सारखंच वाकडं.

अर्ज महिनाभर आधी.
एक सूचक, एक अनुमोदक, दोघांची वर्गणी चुकती.
वर्गणीपाशीच निम्मे पुढारी गळतात.
वरच्या मोहल्ल्यात इच्छुक दोन;
मोहल्ला आधी आपल्यातच भांडला,
समुद्रावर, चटई टाकून, रात्री दोनपर्यंत.
शेवटी इब्राहिम धनसेंनी माघार घेतली
आणि सांगत सुटले,
मी बसलो म्हणून तौफीक उभा आहे.

खालच्या मोहल्ल्याला हा प्रश्नच नव्हता.
तिथे बारा वर्षं एकच नाव: हुसैनमियां चोगले.

टीव्हीवर तेव्हा कुठल्याशा मोठ्या देशाची निवडणूक चालली होती.
भाचा मुस्तकीम समजावून सांगायचा,
मामू, पक्ष आधी घरातच उमेदवार ठरवतो,
मग तो प्रांतोप्रांती हिंडतो, मग मतं, मग मतांचीही मतं,
आणि जिंकल्यावर दोन-अडीच महिने नुसतं थांबायचं.
थांबून करतो काय?
माणसं नेमतो. भाषण लिहितो.

तौफीक मुकादम, वय चौतीस, सेफ्टी इन्स्पेक्टर.
त्यानं मोबाइलवर जाहीरनामा पाठवला:
शाळेचं छप्पर, अ‍ॅम्ब्युलन्सचे टायर, दर महिन्याला हिशेब.
चोगल्यांनी काहीच पाठवलं नाही.
खोलीखोलीत खजूर घेऊन आले
आणि माझ्या बापाच्या गुडघ्याची चौकशी
चिपळूणच्या डॉक्टरचं नाव घेऊन केली.

त्या शुक्रवारी धूळ उठली होती, खिडकी हळदीसारखी पिवळी.
मतपेटी म्हणजे दूध पावडरचा डबा, झाकणाला चीर.
ड्यूटीवरच्याचं मत भावानं टाकायचं नाही.
ज्या भावापायी हा नियम झाला
तो पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता.

एकोणसाठ चिठ्ठ्या.
एकीवर लिहिलेलं, आधी एसी दुरुस्त करा. बाद.
(अक्षर मी ओळखलं. सांगणार नाही.)
तीस. अठ्ठावीस.

मी दोनदा मोजलं. खाली बिर्याणीचं पातेलं उघडल्याचा वास आला
तरी कोणी हललं नाही.
चोगले फेरमोजणी मागतील असं वाटलं.
त्यांनी चष्मा पुसला, परत लावला,
आणि तौफीकच्या ताटात पहिला हाडाचा तुकडा स्वतः वाढला.

शपथ आमच्यात नसते.
पुढच्या शुक्रवारी रजिस्टर, शिक्का, कपाटाची चावी
एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, एवढंच.

शुक्रवार यायचा होता.
रविवारी रात्री दोन दहाला फोन आला.
यासीन, सव्वीस वर्षांचा, ट्रेलर चालवायचा,
वर्गणी दीड वर्षाची थकलेली. झोपेतच गेला.

फोन सवयीनं चोगल्यांना आला.
ते जिना उतरून तौफीकच्या दारात उभे राहिले,
मोबाइल पुढे धरून म्हणाले,
हा तुमचा आहे.

गाडी चोगल्यांनीच चालवली.
मी मागे, मांडीवर रजिस्टर.
सिग्नलला थांबल्यावर ते एकेक सांगत गेले:
घरी थेट फोन करायचा नाही, आधी शेजारी.
पासपोर्ट मालकाकडे असणार, त्याच्याशी आवाज चढवायचा नाही.
चार नंबरची खिडकी सातला उघडते, तिथला कारकून चहा पितो.
सोबत जाणाऱ्याचं तिकीट आपल्या फंडातून.
वर्गणीचं विचारू नका.
रडायचं ते विमान उडाल्यावर.
मग खिशातून शिक्का काढून
त्यांनी गिअरजवळच्या खाचेत ठेवला, सुट्टे पैसे ठेवतात तिथे.

शवागाराच्या बाकावर तौफीकनं रजिस्टर गुडघ्यावर घेतलं.
तारीख घातली. पहिला शब्द लिहिला:
सदर.
आणि पेन तिथेच थांबलं.

चोगले वाकून बघत होते.
बरोबर आहे, ते म्हणाले,
पुढे इसम लिहा.