लगदा

लटारी मेश्राम मलायातून परतला
तेव्हा पेटीत कपडे कमी, नोटाच जास्त.
नोटेवर केळीचं झाड, घड लागलेला,
राजा कुठंच नाही.

सिंदेवाहीच्या बाजारात एकानं उन्हात धरून पाहिली,
म्हणाला, "नंबरच नाही बा इच्यावर."
"नंबर टाकाले सवड नोती त्यायले," लटारी बोलला.
"सुरवातीले एका नोटीत कोंबडी ये.
मंग अंडं.
मंग मोजनंच बंद, नोटा तागडीत टाकत.
शेवटी तागडीच इकली दुकानदारानं,
काहीतरी खायाले."

हसले सगळे. तो नाही हसला.
तिकडं एका चिनी बाईनं
उकडलेला कंद दिला होता त्याला,
नोटेला हात न लावता.
म्हणाली असावी, मग दे.
भाषा कुठं कळत होती.

पावसाळ्याआधी पैकाबाईनं
नोटा भिजत घातल्या, मेथ्या वाटून घातल्या,
उखळात कुटून लगदा केला
आणि बांबूची फुटकी पाटी लिंपली.
लटारी बघत बसला, बिडी विझेपर्यंत.
एक नोट तेवढी त्यानं भिजू दिली नाही.
ती कंदाची.

पाटीत अजून तांदूळ असतो.
संपत आला की तळाशी, जरा बाजूला,
केळीचं पान दिसतं.